राघूच्या पंखाची पसरलेली कड

माय,

तो शब्दकोश तू आणला नव्हतास, हे मला यंदाच्या चैत्रात कळलं. तुला जाऊन नऊ वर्षं झाली. त्याआधीची चार धरली तर तेरा वर्षं मी ते पुस्तक तुझं म्हणून वापरलं. त्याचं तपकिरी कागदाचं कव्हर तीनदा बदललं, शिवण उसवली तेव्हा सुईदोऱ्याने शिवून घेतली. आत्ताही तो माझ्या उजव्या हाताशी आहे, कारण लिहिताना एखादा शब्द चुकला तर मला दिवसभर चैन पडत नाही, तुला माहीतच आहे. ‘विश्वासघात’ हा शब्द थोड्या वेळापूर्वी मी त्यातच पाहिला. तुझ्यावर रागवायचं तर तेही मला त्याच पुस्तकातून शब्द घेऊन करावं लागतंय, आणि त्या पुस्तकाला पहिलं पान नाही.

सगळं नीट, ओळीने सांगतो. आपली पांडेसऱ्याची खोली तशीच आहे. तीच लोखंडी शिडी, तोच माळा. उभं राहिलं की पत्रा डोक्याला लागतो, म्हणून मी अजून मांडी घालूनच काम करतो. तू कतारगामच्या काचेच्या दुकानात झाडलोट करायचीस. तिथे एक म्हातारा कारागीर देवळांच्या दारांसाठी काचेवर वेली काढायचा, आणि तू झाडू मारता मारता ते काम डोळ्यांनीच उचललंस. दुकानदार फेकायला काढायचा ते तुकडे तू जुन्या लुगड्यात गुंडाळून घरी आणायचीस. पहिल्या दिवाळीला आपण काचेची अकरा आंब्याची पानं केली आणि तारेत ओवून दाराला बांधली. वारा आला की ती किणकिणायची. समोरच्या बिल्डिंगमधल्या गुजराती बेन येऊन एकेक पान बोटाने चाचपून बघायला लागल्या. “आ तो मशीननुं काम छे ने?” त्यांनी विचारलं. तू ताठ मानेने म्हणालीस, “मशीन उपर बेठुं छे, चा पीए छे.” मी खरंच वर चहा पीत बसलो होतो. त्या दिवशी आपण दोघं किती हसलो. तेव्हा मला त्या बोलण्याचा अभिमान वाटला होता.

मग आपल्या खानदेशी बायका यायला लागल्या. श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसते, तिच्या मखराला डाव्या-उजव्या बाजूंना उभ्या काचा हव्यात, काचेवर केळीचं झाड हवं, झाडावर राघू हवा. कानबाई झाली की गणपती, गणपती झाले की दिवाळीचे चार बाजूंच्या काचेचे कंदील. काच राखेने धुवायची, पुसायची. त्यावर गाडीच्या नंबरासाठी वापरतात तो रेडियमचा चिकट कागद पसरून चिकटवायचा, जुन्या कंगव्याने बुडबुडे काढायचे. कार्बनने नक्षी उतरवायची आणि ब्लेडने कापून तेवढाच भाग सोलून काढायचा. उघड्या राहिलेल्या काचेवर पेस्ट लावली की ती तेवढीच काच खाते आणि धुरकट पांढरी करते. झाकलेलं आहे ते तसंच राहतं. कापायचं काम माझं होतं. काचेने कापल्यापासून तुझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांत जीव नव्हता, त्यांना ब्लेडचा दाब कळत नसे. मी अकरा वर्षांचा असल्यापासून कापतोय. माझा हात कधी घसरला नाही, कारण तो घसरेल या भीतीने मी श्वाससुद्धा बेताने घ्यायचो.

आणि पेस्टचा नियम तुझा. ती अंगाला लागली तर भाजते, म्हणून आबांनी त्यांच्या कापड रंगवायच्या डाईंगमधून आणलेले कोपरापर्यंतचे लाल रबरी हातमोजे घालायचे, नाकाला ओला रुमाल बांधायचा, खिडकी उघडी ठेवायची, पंखा बंद. वारा लागला तर पेस्ट ठिकठिकाणी वाळते आणि काचेवर डाग पडतात. कुंच्याने ती सारखी हलवत राहायची आणि सहाशे मोजायचे. तुला घड्याळ वाचता येत नव्हतं. तू हरभऱ्याचे तीस दाणे एका बाजूला मांडायचीस आणि वीस मोजून झाले की एक दाणा दुसऱ्या बाजूला सरकवायचीस. तीसही दाणे पलीकडे गेले की पेस्ट काढायची, एक क्षणही जास्त नाही, नाहीतर ती रेडियमच्या खाली शिरते आणि कड पसरते. सहाशे होईपर्यंत उठायचं नाही, बोलायचं नाही, खाली कोण आलंय ते बघायचं नाही. “हलू नको रे भो,” तू म्हणायचीस, “काच तुनाकडे देखी ऱ्हायनी.” मला तो नियम फार आवडायचा. जगात सगळीकडे मला धाकधूक असायची, शाळेत तर जास्तच, पण तिथे काय करायचं ते पक्कं ठरलेलं होतं.

पहिल्यांदा मी पेस्ट धुतली तो दिवस मला लख्ख आठवतो. मोरीत काच धरली आहे, तू तांब्याने पाणी ओततेस, आणि नक्षी नाहीशी होते. ओल्या काचेत काहीच दिसत नाही, आरपार माझे पाय दिसतात. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं, सगळी मेहनत वाहून गेली. मी रडायला लागलो. तू माझ्या डोक्यात टपली मारलीस आणि म्हणालीस, “आधी वाळू दे, मंग रड.” काच भिंतीला टेकवून ठेवली. कडेकडून एकेक पान उगवत आलं. अजूनही ओली काच पाहिली की आधी सगळं गेलं असं वाटतं आणि मग तुझा आवाज येतो.

तुला वाचता येत नव्हतं म्हणून घरातलं सगळं वाचन माझ्याकडे होतं. गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या, औषधाच्या बाटल्या, रेशन दुकानाबाहेरची पाटी. तू समोर बसून माझ्या तोंडाकडे बघायचीस. मी एखादा शब्द वाचताना अडखळलो आणि अंदाजाने पुढे गेलो, की तू मला पकडायचीस. “लिखेल शे तेच वाच. तुनं मननं घालू नको.” काचेवर ‘श्री कानबाई माता प्रसन्न’ लिहायचं तर ते मागच्या बाजूने, उलटं कापायचं, आणि एकदा पेस्ट लागली की खोडरबर नाही. वेलांटी चुकली तर काच गेली. म्हणून मला अक्षर नीट येणं तुला हवं होतं. शाळेत मला जेवढं अक्षर आलं तेवढं तुला पुरलं, असं आता मला वाटतं. हे वाक्य लिहून मी दोनदा खोडलं, पण ते खरं आहे, म्हणून राहू देतो.

नववीत माझे फार खाडे झाले होते. दिवाळीची कामं होती, मग लग्नसराई. तरी परीक्षेला बसलो. निकालाच्या दिवशी मी माळ्यावरून उतरेना, तर तू म्हणालीस, मी जाते. तू गेलीस आणि दुपारी रिकाम्या हाताने आलीस. पदराने तोंड पुसलंस आणि म्हणालीस, “बाईनी तुनं नाव कापी टाकं.” मी विचारलं, कायमचं? तू म्हणालीस, “आते तठे तुनं काय काम?” आणि वर जाऊन काचा पुसायला लागलीस. बाई म्हणजे आमच्या वर्गाच्या बाई, मराठी शिकवायच्या. माझ्या निबंधाची वही त्या इतर वर्गांत दाखवायला न्यायच्या. त्यांनी माझं नाव कापलं, हे मला फार लागलं. तेव्हापासून मी शाळेच्या रस्त्याने गेलो नाही. बाजारात जायचं तर मी डाईंगच्या मागच्या नाल्याकडून जातो, जिथलं पाणी एका दिवशी लाल तर दुसऱ्या दिवशी निळं असतं. तो रस्ता दुपटीने लांब आहे. काच उचलून नेताना तो जास्तच लांब वाटतो. तेरा वर्षं मी त्या रस्त्याने गेलो, माय, आणि तू चार वर्षं मला तिकडून जाताना बघितलंस. एकदाही म्हणाली नाहीस, की अरे, इकडून जा, जवळ पडेल.

त्याच श्रावणात, रोटाच्या शनिवारी, म्हणजे कानबाई बसायच्या आदल्या दिवशी नैवेद्याच्या रोटांचे गहू मोजतात तेव्हा, तू मला शब्दकोश दिलास. हातात ठेवलास आणि म्हणालीस, “हाई तुनासाठे शे. आते आक्षर चुकाले नको.” मी उघडून पाहिला. पहिलं पान नव्हतं, शिवणीपाशी कागदाचे दोन-तीन कपचे तेवढे राहिले होते. मी विचारलं, तर तू म्हणालीस, “फाटेल शे.” मला वाटलं, तू रद्दीवाल्याकडून आणलास. मी तो प्रसंग मनात कितीदा रंगवलाय. रद्दीच्या ढिगासमोर तू उकिडवी बसली आहेस, एकेक पुस्तक उचलून रद्दीवाल्याला विचारतेस, हे काय आहे, ते काय आहे. एकही अक्षर न येणारी बाई आपल्या मुलासाठी शब्दांचं पुस्तक शोधते आहे. हे मी दहा जणांना तरी सांगितलं असेल, तुझ्यासमोर. तू पदर ओढून घ्यायचीस आणि कामाला लागायचीस. मला वाटायचं, लाजतेस.

आता चैत्रातलं. मी खाली बसून कंदिलाच्या काचांना कागद लावत होतो, इतक्यात दारातून कुणीतरी विचारलं, “काचेवर कोरून देतात ते इथेच का?” आवाज मी आधी ओळखला, चेहरा नंतर. केस सगळे पांढरे झालेत, एक पाय ओढत चालतात. त्यांनी मला ओळखलं नाही. आता कडोदऱ्याला मुलाकडे राहतात, म्हणाल्या. वैशाख पौर्णिमेला घरात लावायला काचेची बारा पिंपळपानं हवीत, प्रत्येक पानावर शिरा दिसल्या पाहिजेत. मी मान खाली घालून कागदावर माप लिहून घेत होतो. वाटलं, लिहून घेतो आणि पाठवून देतो. त्यांनी कागद उलट्या बाजूने वाचला आणि बोट ठेवलं.

“हा ‘ळ’ मी ओळखते. शेपटी कुठे नेतोयस? किती वेळा लाल शाईने खोडला असेल मी.”

मी उठून उभा राहिलो. “बाई.”

“अरे! गावाहून कधी आलास?”

“कुठल्या गावाहून?”

“मामाच्या. शिरपूरला ना? तुझी आई म्हणाली होती.”

“मी कुठेच गेलो नव्हतो, बाई. तुम्हीच माझं नाव कापलंत ना पटावरून?” हे मी अगदी साध्या आवाजात म्हणालो. तेरा वर्षं घोकून ठेवलेलं वाक्य होतं ते.

त्यांनी पर्स खाली ठेवली. “मी? मी कशाला कापू? पास झाला होतास तू नववी. गणितात जेमतेम, पण पास. निकाल मी स्वतः तुझ्या आईच्या हातात दिला. दहावीच्या पटावर दोन महिने नाव होतं तुझं. रोज हजेरीला पुकारायचे आणि पोरं ओरडायची, बाई, तो काच झाला, आरपार गेला!” त्या हसल्या, आणि माझ्याकडे बघून थांबल्या.

मी त्यांना पाणी दिलं. त्या बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. त्या तीनदा आपल्या घरी आल्या होत्या. पहिल्या दोन वेळा तू म्हणालीस, मामाकडे गेलाय. तिसऱ्या वेळी आल्या तेव्हा तू रोटाचे गहू मोजत बसली होतीस. “मुठीने मोजतात ना तुमच्यात, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ?” बाई म्हणाल्या. “मी विचारलं, पोरगा गावाला आहे तर त्याची मूठ कशाला घालतेस? ती बघतच राहिली माझ्याकडे. मग म्हणाली, आज खोटं बोलायचा दिवस नाही. वर आहे. हाक मारा, आला तर न्या.”

बाईंच्या घरी कानबाई नसते. गावाला गेलेल्याच्या नावाचीही मूठ घालतात, हे त्यांना माहीत नव्हतं. तुला होतं. तू तेवढं सांगून सुटू शकली असतीस, माय. का सांगितलं नाहीस, हे मी खूप दिवस डोक्यात फिरवलं.

“मी दोनदा हाक मारली,” बाई म्हणाल्या. “बराच वेळ बसलेही. तू आला नाहीस.”

“ऐकू आलं नसेल, बाई. मोजत असेन मी.”

“असेल,” त्या म्हणाल्या. मग त्यांची नजर फळीवरच्या शब्दकोशावर गेली. “हा अजून ठेवलायस?”

“आईने आणला होता,” मी म्हणालो. इतक्या वर्षांची सवय, तोंडातून निघूनच गेलं.

बाईंनी पुस्तक खाली घेतलं, कव्हर उघडलं, शिवणीपाशी राहिलेल्या कागदावरून बोट फिरवलं आणि परत मिटलं. “छान ठेवलायस,” म्हणाल्या. तो त्या दिवशी त्यांनीच माझ्यासाठी ठेवला होता, हे त्या बोटानेच मला कळलं. मी विचारलं, “पानावर काय लिहिलं होतं?” त्यांना नीट आठवेना. “तुझं नाव असेल. आणि मंगळवारपासून ये, असं काहीतरी. सोमवारी तुमचं विसर्जन, म्हणून मंगळवार.”

तुला वाचता येत नव्हतं. पण कोणतं पान फाडायचं ते तुला बरोबर कळलं. छापलेलं कोणतं आणि हाताने लिहिलेलं कोणतं, एवढं तू ओळखत होतीस. मला दुसरं काहीही चाललं असतं. निकाल लपवलास, नाव कापलं म्हणालीस, हे मी कदाचित गिळलं असतं. तुझ्या बोटांत जीव नव्हता, माझ्याशिवाय काचा थांबल्या असत्या, हे मला समजतं. पण तू त्या पुस्तकातून बाईंना फाडून काढलंस आणि उरलेलं स्वतःचं म्हणून मला घेऊ दिलंस. तोंडाने तू खोटं बोलली नाहीस, रोटाचा दिवस होता. तुझ्यासाठी आहे, म्हणालीस, ते खरं. फाटलंय, म्हणालीस, तेही खरं. बाकीचं मी स्वतःच रचलं, आणि तू मला रचू दिलंस. तुझी आठवण म्हणून माझ्याकडे जे सगळ्यात चांगलं होतं, तेच तुझं नव्हतं. नऊ वर्षं मी रडलो ते त्या रद्दीच्या ढिगापुढे बसलेल्या बाईसाठी. ती कधी बसलीच नव्हती.

मी आबांना विचारलं. आता ते डाईंगमध्ये जात नाहीत, दारात खुर्ची टाकून बसतात. त्यांना खरंच काही माहीत नव्हतं. “माले तं तिनी सांगं, पोऱ्यानं मनच नही शायमा,” ते म्हणाले. मी म्हटलं, मग बाप म्हणून तुम्ही मला एकदा विचारायचं तरी. ते नाल्याकडे बघत म्हणाले, “तू तरी कव्हय सांगं?” म्हणजे तू तिघांना तीन गोष्टी सांगितल्यास. मला सांगितलंस, बाईंनी नाव कापलं. बाईंना सांगितलंस, तो गावाला गेलाय. आबांना सांगितलंस, त्यालाच शाळा नको आहे. तिघंही एकाच खोलीत येत-जात होतो, आणि तीन गोष्टी एकमेकींना कधी भेटल्या नाहीत. तुझ्या हातचं कोणतंच काम इतकं साफ नव्हतं.

बाई पिंपळपानं न्यायला आल्या तेव्हा बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म घेऊन आल्या. “सत्तावीस म्हणजे काही वय नाही,” म्हणाल्या. “गणित मी नाही, पण कुणीतरी शिकवेल.” फॉर्म मी टेबलाच्या काचेखाली ठेवला. वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. मुदत या आठवड्यात संपते. बाईंचा दोनदा फोन आला. मी उचलला नाही. नंतर मेसेज केला की हातात पेस्ट होती, ऐकू आलं नाही. मेसेज पाठवला आणि तो पुन्हा पुन्हा वाचला, कारण आता खाली तू नव्हतीस, जिच्यावर हे ढकलता येईल.

आज कानबाईच्या काचा पुसायला काढल्या. आपल्या घरी देवी आता बसत नाही, करणारं कोणी नाही, पण आपल्या मखराच्या दोन काचा मी दरवर्षी खिळ्यावरून उतरवतो, पुसतो, परत टांगतो. उजवीकडच्या काचेवर राघूच्या पंखाची कड पसरलेली आहे. टीपकागदावर शाई पसरते तशी. माझ्या हातून गेलेली एवढी एकच काच.

ती त्या रोटाच्या शनिवारची आहे. मी वर आहे, काच मांडीसमोर, पेस्ट लावून झाली आहे, अकरावा हरभरा सरकवतो, आणि खालून बाई माझं नाव घेऊन हाक मारतात. स्वच्छ ऐकू येते. पहिलं माझ्या मनात आलं ते हेच, की जिने माझं नाव कापलं ती बाई घरी येऊन तेच नाव घेऊन हाक कशी मारेल? हा प्रश्न मला तेव्हाच पडला होता, माय. तेरा वर्षांनी नाही. सतराव्या दाण्याला दुसरी हाक आली. मी कुंचा हलवत राहिलो, कारण नियम होता, सहाशे होईपर्यंत उठायचं नाही. तीसही दाणे पलीकडे गेले. बाई अजून खाली होत्या, पेला ठेवल्याचा आवाज आला. आता उठायला हवं होतं, काच धुवायला खाली मोरीतच जावं लागणार होतं. मी तीसही हरभरे पुन्हा अलीकडे आणले आणि एकपासून मोजायला लागलो. दुसऱ्या फेरीत त्यांच्या चपलांचा आवाज दारातून बाहेर गेला. त्यानंतरही मी फेरी पूर्ण केली. खाली दहावी होती, गणित होतं, हजेरीला उभं राहणं होतं. वर माझं काही चुकत नव्हतं.

काच वाळल्यावर तू पंखाच्या कडेवरून ती दोन बोटं फिरवलीस. “मोजामा चुकना का?” मी म्हणालो, नाही, रेडियम सुटलं. तू माझ्याकडे बघितलंस. मी कधी मोजायला चुकत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत होतं? “देवीले चालस,” म्हणालीस, आणि काच गिऱ्हाइकासाठी बाजूला न ठेवता आपल्या मखराला लावलीस. त्यानंतर तू पुस्तक आणून माझ्या हातात ठेवलंस. पान तू आधी फाडलंस की काच बघितल्यावर, हे मला कधीच कळणार नाही. पण मी चौदा वर्षांचा होतो. तुझ्याच खोट्यावर विश्वास ठेवून वर लपलो होतो. चौदा वर्षांच्या पोराचं खाली न येणं म्हणजे उत्तर नव्हे. तुला शिडी चढून वर येता आलं असतं. अकराच पायऱ्या आहेत.

फॉर्म काचेखालून काढलाय. नाव तेवढं लिहिलंय, शाई वाळतेय.

हे पत्र टाकणार कुठे? तू असतीस तरी ते मलाच तुला वाचून दाखवावं लागलं असतं. तू समोर बसून माझ्या तोंडाकडे बघितलं असतंस आणि म्हणाली असतीस, लिखेल शे तेच वाच. मी सगळं मोठ्याने, एकही शब्द न गाळता वाचलं असतं. शब्दकोशाचं पान, नाल्याचा रस्ता, तिघांना सांगितलेल्या तीन गोष्टी, सगळं. आणि राघूच्या पंखापाशी आल्यावर कागद घडी करून म्हटलं असतं, एवढंच आहे, संपलं.